खालच्या आळीतल्या बंद शाळेतली अभ्यासिका

भरतीची तयारी करणारं कुणी घरात असेल, तर या अभ्यासिकेत बिनधास्त नाव घाला. माझी मुलगी तलाठी भरतीचा अभ्यास इथेच करते. महिन्याला ३०० रुपये, सकाळी ७ ते रात्री १०. प्रत्येकाला स्वतंत्र टेबल आणि डोक्यावर पंखा. देखरेखीला असलेल्या बाई कडक आहेत, मोबाईल वाजला की बाहेर पडवीत पाठवतात. रात्री मुली शेवटी निघतात तेव्हा फाटकापर्यंत सोबत येतात, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

आता इमारतीबद्दल. मी सुतारकाम करतो, त्यामुळे मुलीला आणायला गेलो की नजर पहिली आढ्याकडे जाते. जांभ्याच्या चिऱ्याच्या चार खोल्या, पुढे लांब पडवी, वर मंगलोरी कौलं. नगरपरिषदेची मराठी शाळा होती. काही घरं मुंबईला गेली, काहींनी मुलं इंग्रजी माध्यमात घातली, पट घसरत गेला आणि राहिलेली मुलं वरच्या आळीतल्या शाळेत गेली. पहिली ते पाचवीच्या मुलांना १ किलोमीटरच्या आत शाळा हवी असा नियम आहे. वरची शाळा त्याच्या आतच आहे, म्हणून लहानग्यांची आबाळ झाली नाही.

शाळा रिकामी झाली त्याच वर्षी नगरपरिषदेने खोल्या वापरायला दिल्या, हे फार चांगलं केलं. दोन खोल्या अभ्यासिकेला, तिसरी बचत गटाला. तिथे बायका कुळथाची पिठी आणि पापड करतात. चौथीला मात्र कुलूप. आत मोडकी बाकं आणि जुनी कपाटं.

बाईंना सांगून ती चौथी खोली उघडायला लावली. तिसरीची आणि हिची मधली भिंत एकच, वर आढंही एकच. तिसरीतला वासा ठोकून बघितला तर खणखणीत. चौथीत भिंतीवरून वाळवीची मातकट रेघ थेट वाशापर्यंत चढलेली. पटाशी टेकवली, ती बोटभर आत गेली. कारण काय, तर एक फुटकं कौल. तिसऱ्या खोलीतही कौलं फुटतात, पण खाली माणसं बसलेली असतात. पहिल्या सरीला थेंब पिठात पडतो, बायका ओरडतात, दुसऱ्या दिवशी कुणीतरी चढून कौल बदलतो. चौथीत अख्खा पावसाळा पाणी पडत राहिलं आणि कुणाला पत्ता नाही. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे कुलूप लावून इमारत जपता येत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मी मंडणगड-दापोलीकडे छपरांच्या कामाला गेलो होतो. तिथेही हेच बघितलं. नांदत्या घरांवर लोकांनी मिळेल ती ताडपत्री ओढली. बंद घरांत पाऊस सरळ आत, आणि वासे सडेपर्यंत कुणी फिरकलं नाही.

गावात काहीजण म्हणतात, मोक्याची जागा आहे, विकून मोकळे व्हा. मला ते अजिबात पटत नाही. उद्या या आळीत पुन्हा मुलं वाढली तर एवढी जागा परत कुठून आणणार? शिवाय १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात कलम ९२ आहे, सरकारच्या मंजुरीशिवाय नगरपरिषदेला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. भाड्याने मात्र ३ वर्षांपर्यंत स्वतः देता येते, फक्त भाडेकरूने पक्कं बांधकाम करायचं नाही.

माझी मुख्य तक्रार इथेच येते. संडास अजून पहिलीच्या पोरांच्या मापाचे आहेत, दारं छातीपर्यंतची. विशीतल्या मुली दिवसभर पाणी न पिता बसतात. अभ्यासिका चालवणाऱ्यांना पक्कं काम करता येत नाही, म्हणून ते नगरपरिषदेनेच करून द्यायला हवं, आणि लवकर. भाडं घेता ना, मग मुलींना नीट संडास द्या. बाकी पडवीतला दिवा मंद आहे, तो किरकोळ खर्चाचा प्रश्न.

चौथ्या खोलीचे दोन वासे आणि थोड्या रिपा बदलल्या तर ती अजून वाचेल. मे महिन्यात शाकारणीच्या, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावायच्या वेळीच हे काम व्हायला हवं, त्यानंतर उपयोग नाही. लाकूड नगरपरिषदेने द्यावं, मजुरी मी घेणार नाही. बाईंकडे माझा नंबर देऊन ठेवला आहे.