निकाल न लागलेल्या सामन्याचा सिनेमा : 'पर्फेक्ट गेम'

नावाने घोळ होतो, तो आधी निस्तरू. बेसबॉलमध्ये 'पर्फेक्ट गेम' म्हणजे समोरच्या संघाचे 27 च्या 27 बॅटर ओळीने बाद करणं, एकालाही पहिल्या बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या थांब्यावर, पाय टेकू न देणं. या कोरियन चित्रपटात तसं काही होत नाही. यात आहे तो 16 मे 1987 ला, शनिवारी, बुसानच्या साजिक स्टेडियमवर खरोखर झालेला सामना. लोट्टे जायंट्सकडून चेंडू टाकायला चोई डोंग-वॉन, हायताई टायगर्सकडून सुन डोंग-योल. पंधरा डाव, 4 तास 56 मिनिटं, दोघांनीही चेंडू दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही, आणि सामना 2-2 असा बरोबरीत सुटला. चोईचे 209 चेंडू, सुनचे 232.

निकाल फोडला म्हणून रागावू नका. कोरियातला प्रेक्षक तो माहीत असूनच थिएटरात गेला होता. शिवाय चित्रपट 21 डिसेंबर 2011 ला आला, आणि खुद्द चोई त्याच वर्षी 14 सप्टेंबरला, वयाच्या 53 व्या वर्षी कॅन्सरने गेला होता. दिग्दर्शक पार्क ही-गॉन यांनी चित्रपट रहस्यावर उभा केलेलाच नाही. दोन हात किती वेळ टिकतात, एवढंच बघायचं आहे.

आकडे क्रिकेटच्या भाषेत आणले की अंगावर येतात. 209 चेंडू म्हणजे 34.5 षटकं, 232 म्हणजे 38.4. एवढी षटकं एखादा फिरकी गोलंदाज डावात टाकतोही, पण ती दोन दिवसांत विभागून, मधे उपाहार, चहा, रात्रीची झोप घेऊन. इथे दोघांचे मिळून 441 चेंडू पाच तासांच्या आत पडलेत, म्हणजे सरासरी दर 40 सेकंदांना एक, डावांमधला बदलाचा वेळ धरून. आणि हे दोघं फिरकीवाले नव्हेत, पूर्ण जोर लावून टाकणारे.

जोर कुठून येतो हे कळल्याशिवाय चित्रपटाचा उत्तरार्ध निम्माच पोचेल. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, रन-अप नाही. 10 इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, एक पाय रबराच्या पट्टीला लावून उभं राहायचं, दुसरा पाय उचलायचा, आणि पाय, कंबर, धड, खांदा, कोपर, मनगट अशा क्रमाने सगळी ताकद बोटांच्या टोकापर्यंत न्यायची. रबरापासून होम प्लेटपर्यंतचं, म्हणजे बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो त्या पट्टीपर्यंतचं, अंतर 18.44 मीटर, आपल्या 22 यार्डांपेक्षा थोडं कमीच. कोपर वाकवून सरळ फेकणं इथे कायदेशीर. ऐरोली-घणसोलीच्या टेनिस बॉल स्पर्धांत ज्यावरून 'बट्टा टाकतोय' म्हणून भांडणं जुंपतात, तीच इथली कला आहे.

दुसरा फरक त्याहून मोठा. चेंडू टप्पा खात नाही. खेळपट्टीची मदत शून्य, त्यामुळे फसवणूक सगळी हवेत. चोईचं अस्त्र कर्व्ह: वरून खाली येणाऱ्या हाताने चेंडूला पुढच्या दिशेने गिरकी दिली की हवेचा दाब त्याला खाली ओढतो आणि छातीशी येतोय असं वाटणारा चेंडू गुडघ्याशी पडतो. सुनचं अस्त्र स्लायडर: पकड मध्यापासून जरा बाजूला, वेग जवळजवळ फास्टबॉलचाच, आणि शेवटच्या काही फुटांत चेंडू उजव्या हाताच्या बॅटरपासून बाहेर सरकतो. एकाचा चेंडू पडतो, दुसऱ्याचा सरकतो. हे डोक्यात ठेवलं की बॅटर कुणासमोर चेंडूवरून बॅट फिरवतोय आणि कुणासमोर नुसताच हवेत, हे ओळखायला मजा येते.

थकव्याची खूणही आधीच सांगतो. पाय दमले की पुढची ढांग आखूड पडते, कोपर खाली येतं, बोटं चेंडूच्या वर राहत नाहीत आणि चेंडू खाली जायचं सोडून छातीच्या उंचीवर लोंबकळतो. बॅटरला तोच हवा असतो. अभिनेते कितीही मन लावून खेळले तरी खऱ्या पिचरचा हात त्यांच्याकडे नाही, चेंडूच्या वाटेतली करामत बरीचशी कॅमेऱ्याची आहे. तरीही दोघांच्या देहबोलीतला फरक नीट पकडलाय. चोईच्या भूमिकेत चो स्युंग-वू, तो धातूच्या काड्यांचा चष्मा, ताठ मान, कुणाचं न ऐकणारा. सुनच्या भूमिकेत यांग डोंग-गन: जाडसर, सुस्त वाटणारा, हसला तर लाजल्यासारखा. रॅपर म्हणूनही ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने कमी बोलून जास्त काम केलंय. चो स्युंग-वूवर मात्र थोर माणसाची भूमिका करतोय याचं दडपण मधूनमधून दिसतं.

वयाचं नातं इंग्रजी सबटायटलमध्ये हरवतं. चोई 1958 चा, सुन 1963 चा. धाकटा थोरल्याला 'ह्योंग' म्हणतो, म्हणजे दादा. सबटायटल तिथे नुसतं नाव टाकून मोकळं होतं. मैदानावर ज्याला हरवायचंय त्यालाच दादा म्हणायचं, यातली गंमत मराठी माणसाला वेगळी समजवावी लागणार नाही, फक्त कान उघडा ठेवा. बोलीचंही तसंच. चोई बुसानचा, सुन ग्वांगजूचा. एक कोल्हापुरी बोलतोय आणि दुसरा वऱ्हाडी, आणि खाली दोघांच्या तोंडी एकच पुस्तकी इंग्रजी, असा तो प्रकार. शिक्षणातही दोघं समोरासमोरच्या छावण्यांतले: चोई योन्से विद्यापीठाचा, सुन कोरिया विद्यापीठाचा.

1987 हे साल उगाच निवडलेलं नाही. व्यावसायिक लीग सुरू झाली 1982 मध्ये, लष्करी राजवटीत. नैऋत्येकडचा ग्वांगजूचा भाग आणि आग्नेयेकडचा बुसानचा भाग यांच्यात जुनी राजकीय तेढ होती. ग्वांगजूत मे 1980 मध्ये सैन्याने आंदोलन चिरडलं होतं आणि त्या आठवणीचा दिवस, 18 मे, सामन्यानंतर दोनच दिवसांनी यायचा होता. सामन्यानंतर महिनाभरातच देशभर लोक रस्त्यावर उतरले आणि 29 जूनला सरकारला थेट निवडणुकीची मागणी मान्य करावी लागली. प्रेक्षकांतला तो राग फक्त बेसबॉलचा नाही, हे यातून उलगडतं. नाहीतर एवढ्या तेवढ्यावरून ही माणसं का पेटतायत, असा प्रश्न पडेल.

संघांची नावं लक्षात राहायला सोपी युक्ती: दोन्ही मालक खाऊ बनवणारे. लोट्टे म्हणजे आपल्या दुकानांत चोको पाय विकणारी तीच कंपनी. हायताईही बिस्किट-मिठाईवाली. तिचा संघ 2001 मध्ये किया या मोटार कंपनीने घेतला, जिच्या गाड्या पाम बीच रोडवर दर मिनिटाला दिसतात. हायताईची ओळख लाल शर्ट आणि काळी पँट. चोईच्या पाठीवर 11, सुनच्या पाठीवर 18. फलकावर स्ट्राइक (बॅटरने हुकवलेला किंवा सोडलेला नीट चेंडू), बॉल (बॅटरने सोडलेला, टप्प्याबाहेरचा चेंडू), आउट अशा दिव्यांच्या तीन ओळी असतात: तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला फुकट पहिला बेस, तीन आउट झाले की बाजू पालटते. नियम एवढेच पुरतात.

आता तक्रारी. पूर्वार्ध लांबला आहे आणि ओळखीच्या साच्यांनी भरलाय. चोई जुंग-वॉन हिची खेळ पत्रकार ही पात्र म्हणून उभीच राहत नाही, प्रेक्षकाला माहिती पुरवायला ठेवलेली दिसते. मा डोंग-सॉकने केलेला हायताईचा राखीव कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) पार्क मान-सू हे पात्र पूर्ण कल्पित आहे. मा उत्तम आहे, आज तो जगभर ओळखला जातो तो उगाच नाही. पण नवव्या डावात बरोबरी साधण्याचा क्षण या कल्पित माणसाच्या बॅटला दिला आहे, आणि तिथे रडवण्याचा हिशोब उघडा पडतो. खऱ्या सामन्यात एवढा ऐवज असताना वरून साखर कशाला? पार्श्वसंगीतही तसंच. जिथे चेंडू कॅचरच्या मिटमध्ये, म्हणजे जाड हातमोज्यात, आदळल्याचा आवाज पुरला असता, तिथे व्हायोलिनं येतात. शिवाय बॅटर दोन्हीकडचे नुसते पुतळे. कोण डावरा, कोण कर्व्ह ओळखतो, कुणासाठी क्षेत्ररक्षक कुठे सरकले, यातलं काहीही हाती लागत नाही. द्वंद्व दोघांचं म्हणून ठीक, पण बेसबॉल नऊ जणांचा खेळ आहे.

दोघांचा आधीचा हिशोबही ठाऊक असू द्या, त्याशिवाय तिसऱ्या सामन्याचं वजन कळत नाही. 19 एप्रिल 1986 ला सुन 1-0 ने जिंकला, 19 ऑगस्टला चोई 2-0 ने. तिसरा हा. म्हणजे एक विजय, एक पराभव, एक बरोबरी, कायमचं. चोईच्या खात्यावर 1984 ची अंतिम मालिकाही आहे: सॅमसंग लायन्सविरुद्ध लोट्टेने जिंकलेले चारही सामने एकट्याच्या नावावर. हात तेव्हापासूनच झिजत होता. सुनची कारकिर्दीतली सरासरी 1.20, म्हणजे नऊ डावांमागे दिलेली जेमतेम सव्वा धाव. कसोटी पाहत मोठे झालेल्यांना अनिर्णित निकाल पचतो, म्हणून हा चित्रपट इकडे जास्त लागू पडावा. अमेरिकी क्रीडापटांची सवय असलेला प्रेक्षक शेवटी विजयाचा फटका शोधत बसेल.

क्रिकेट अकादमीतल्या पोरांना दाखवणाऱ्या ठाण्या-नवी मुंबईच्या कोचनी एक गोष्ट आधी सांगावी: हे अनुकरणासाठी नाही. अमेरिकेत लहान पिचरसाठीच्या मार्गदर्शक मर्यादेत 13-14 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू, 17-18 ला 105. कारण कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध. तो फाटला की दुसरीकडचा स्नायुबंध काढून बसवावा लागतो, आणि परत टाकायला साधारण वर्ष ते दीड वर्ष जातं. 232 हा आकडा ऐकून टाळ्या वाजवणारा चौदा वर्षांचा वेगवान गोलंदाज नेटमध्ये काय करेल, सांगता येत नाही.

सोसायटीच्या हॉलमध्ये लावणार असाल तर सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी कुणाकडून घ्यायची ते आधी बघा, घरी पाहणं वेगळं. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फुटांवर घ्या, नाहीतर सबटायटल पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात आणि सबटायटलशिवाय पूर्वार्ध बघवत नाही. उत्तरार्धात गेली तरी चालतील. आवाज मधल्या संवादांवर ठरवू नका, गर्दीचा गलका त्याच्या दुप्पट आहे, तिथे ठरवा. लांबी 127 मिनिटं. सव्वासातला जमवून पंधरा मिनिटं स्ट्राइक-बॉल-आउट समजावलं, साडेसातला सुरू केलं आणि मधे दहा मिनिटं चहाला दिली, तर पावणेदहाच्या सुमारास संपतं, दहाच्या आत स्पीकर बंद होतो.