वीस कादंबऱ्यांचा एक संच : आठ महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीनंतर लगेच मी पहिला ई-संच घेतला, म्हणजे अनेक कादंबऱ्या एकत्र असलेलं एकच ई-पुस्तक. वीस लेखक, वीस रहस्यकादंबऱ्या, सगळ्या इंग्रजी आणि किंमत शंभर रुपयांच्या आत. नंतरच्या महिन्यांत आणखी दोन घेतले, एक बारा कादंबऱ्यांचा आणि एक दहांचा. आईसाठी पाच मराठी लेखकांच्या पाच कादंबऱ्यांचा छापील संचही आणला. आता जून संपत आलाय. घेतल्याघेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, म्हणून थांबले होते.

माझं वाचन बहुतेक नागपूरच्या मेट्रोत होतं. इंदोरा चौकात चढायचं, खापरीला उतरायचं आणि तिथून पुढे मिहान. जाऊन-येऊन सव्वा तासाच्या आसपास वेळ मिळतो. गड्डीगोदामला गाडी रेल्वेच्या रुळांवरून, उड्डाणपुलाच्याही वरून जाते, तेव्हा सकाळचं ऊन सरळ डब्यात येतं. मोबाइलचा पडदा त्या उन्हात दिसत नाही, ई-रीडरचा मात्र कागदासारखा स्वच्छ दिसतो. सीताबर्डीला बसायला जागा मिळाली की पुढचा प्रवास वाचण्यात कधी जातो ते कळत नाही.

संच घेताना मी एक हिशेब केला नव्हता, तो आधी सांगते. एक कादंबरी साठ ते ऐंशी हजार शब्दांची धरली तर वीस कादंबऱ्या म्हणजे बारा ते सोळा लाख शब्द. मिनिटाला दोनशे शब्द वाचले तरी शंभर ते एकशे तेहतीस तास लागतात. मेट्रोत माझे महिन्याला पंचवीस-सव्वीस तास वाचन होतं, म्हणजे एकच संच चार-पाच महिने पुरणार. शंभर रुपयांत वीस पुस्तकं मिळाली असं मला वाटत होतं. खरं म्हणजे शंभर रुपयांसोबत मी चार-पाच महिन्यांचा प्रवास देत होते. एवढा वेळ द्यायचा तर तो कोणाला देतोय हे पाहायला हवं. तेव्हापासून मी संचाची किंमत बघायच्या आधी आतल्या लेखकांची यादी बघते.

तिन्ही संचांत मिळून बेचाळीस कादंबऱ्या होत्या. त्यातल्या तेवीस मी शेवटपर्यंत वाचल्या, बाकीच्या कुठे ना कुठे सोडल्या. त्या तेवीसमधून चार लेखक असे सापडले की त्यांची पुढची पुस्तकं मी पूर्ण किमतीला विकत घेतली. यातल्या एकाचंही नाव मी आधी ऐकलेलं नव्हतं. सीताबर्डीवरच्या दुकानात त्यांची पुस्तकं येत नाहीत आणि वाचनालयात इंग्रजीचं कपाट एकच, तेही जुनं. संच नसता तर हे चौघे मला कधीच भेटले नसते. म्हणून संचाचं मोल मी या चार नावांत मोजते. कुणी मला विचारलं की घ्यावा का, तर नवे लेखक शोधायला जरूर घ्यावा असं सांगते. पण एखादी उत्तम कादंबरी वाचायची हौस असेल तर ती कादंबरी एकटीच घ्यावी.

असं म्हणायला कारण आहे. संचात पुढची कादंबरी एका बोटाच्या अंतरावर असते आणि त्याने वाचण्याची सवय बदलते. पहिल्या संचातली चौदावी कादंबरी मी जानेवारीत तिसऱ्या प्रकरणात सोडली होती. एका लहान बेटावरच्या टपाल कार्यालयात काम करणाऱ्या बाईची गोष्ट. पहिली चाळीस पानं ती पत्रं लावते, शिक्के मारते, चहा करते, खिडकीतून होडीची वाट बघते, बस. मला खून हवा होता, मी पंधराव्या कादंबरीवर गेले. वाचनालयातून आणलेलं पुस्तक मी इतक्या लवकर कधी सोडत नाही. ते पुस्तक घरात टेबलावर पडलेलं दिसतं, परत करायची तारीख असते, त्याचं एक ओझं मनावर असतं. संचातल्या कादंबरीला ना तारीख, ना टेबलावरची जागा.

मे महिन्यात एका रविवारी दुपारी वीज गेली. बाहेर पंचेचाळीसचं ऊन, कूलर बंद. ई-रीडरची बॅटरी भरलेली होती, पण नवं काही उतरवायला वायफाय नव्हतं. आहे त्यातलंच काही उघडावं म्हणून ती चौदावी उघडली. चाळिसाव्या पानानंतर त्या बाईच्या हातात एक पत्र येतं. ज्याच्या नावाने ते आलंय तो माणूस सहा वर्षांपूर्वी समुद्रात बुडालेला आहे, त्याची उत्तरक्रिया तिने स्वतः पाहिली आहे. मग कळलं की ते शिक्के, तो चहा, ती होडी, सगळं लेखिकेने मोजून ठेवलं होतं. पत्रावरची तारीख चुकीची आहे हे वाचणाऱ्याला ओळखता यावं म्हणून आधी तिने आपल्याला टपालाचं काम शिकवलं होतं. वीज आली तरी मी उठले नाही. तीन संचांतली ती सगळ्यात चांगली कादंबरी, आणि मी ती टाकून दिली होती. याचं मला आजही वाईट वाटतं. आता संचातल्या प्रत्येक कादंबरीला किमान साठ पानं देते, कितीही संथ वाटली तरी.

क्रमाकडेही लक्ष द्यावं. ओळखीचं नाव बहुतेक वेळा पहिलं असतं. मोफत नमुना पुस्तकाच्या सुरुवातीच्या साधारण दहा टक्क्यांचा असतो आणि वीस कादंबऱ्यांच्या संचात दहा टक्के म्हणजे जवळजवळ पहिल्या दोन कादंबऱ्या. नमुना वाचून आपण संच पारखला असं वाटतं, पण उरलेल्या अठरांबद्दल त्यातून काहीच कळत नाही. मला आवडलेले चार लेखक सहाव्या, अकराव्या, चौदाव्या आणि दुसऱ्या संचात नवव्या जागेवर होते.

हे संच इतके स्वस्त का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशनात २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या ई-पुस्तकावर लेखक सत्तर टक्के मानधन निवडू शकतो. त्याहून स्वस्त पुस्तकावर पस्तीस टक्केच मिळतात. ९९ सेंटच्या संचावर म्हणजे पस्तीस सेंटच्या आत-बाहेर, आणि ते वीस जणांत वाटायचे. माणशी दोन सेंटही येत नाहीत. मग लेखक यात का उतरतात? एक कारण म्हणजे 'यूएसए टुडे' या दैनिकाची खपाची यादी. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या यादीत दर आठवड्याला दीडशे पुस्तकं असायची. संच त्या यादीत आला की आतल्या प्रत्येक लेखकाला आपल्या पुढच्या मुखपृष्ठावर खपाचा तो मान लिहिता येई. वीस जणांचे वाचक एकाच आठवड्यात एकाच पुस्तकावर आणायचे तर किंमत कमी ठेवणं ओघाने आलंच. मुखपृष्ठावर असा मान दिसला की तो एकट्या पुस्तकाचा आहे की संचाचा, हे मी आता शोधून बघते. लेखकांवर माझा राग नाही. अनोळखी लेखकाला वाचकापर्यंत पोचणं किती अवघड असतं हे मराठी पुस्तकांचं प्रदर्शन पाहिलेल्या कोणालाही माहीत आहे. दुसरं कारण जास्त सरळ आहे. संचात बहुधा मालिकेतलं पहिलं पुस्तक देतात, म्हणजे वाचक दुसऱ्यासाठी परत येईल.

यातच माझा मोठा आक्षेप आहे. मालिकेतलं पहिलं पुस्तक द्यायला हरकत नाही, पण त्या पुस्तकातलं रहस्य त्याच पुस्तकात सुटायला हवं. दुसऱ्या संचातल्या बारांपैकी चार कादंबऱ्या ऐन उलगड्याच्या आधी थांबल्या आणि पुढच्या पुस्तकाची जाहिरात आली. सहा-सात तास दिलेल्या वाचकाशी असं वागू नये. आणखी दोन तर कादंबऱ्याच नव्हत्या, सत्तर-ऐंशी पानांच्या दीर्घकथा होत्या. मुखपृष्ठावर मात्र 'बारा संपूर्ण कादंबऱ्या' असं छापलेलं होतं. त्या संचातल्या मी पाचच पूर्ण वाचल्या.

बांधणीतले दोष लहान वाटतात, पण रोज त्रास देतात. पहिल्या संचाच्या अनुक्रमणिकेत कादंबऱ्यांची नावंच नव्हती, नुसतं प्रकरण एक, प्रकरण दोन, प्रकरण तीन, आणि असं वीस वेळा. मधली कादंबरी शोधायला मी पहिल्या आठवड्यात पानंच उलटत बसायचे, शेवटी प्रत्येकीच्या सुरुवातीला स्वतः खूण करून ठेवली. एखादं पात्र आधी कुठे आलं होतं म्हणून नाव शोधावं तर जॅक नावाचे सहा जण वेगवेगळ्या कादंबऱ्यांतून समोर येतात. खाली टक्केवारी दिसते तिचाही उपयोग नाही, अख्खी कादंबरी संपते तेव्हा आकडा पाचाने सरकलेला असतो. तिसऱ्या संचात हे सगळं नीट होतं. प्रत्येक कादंबरीआधी वेगळं मुखपृष्ठ, दोन ओळींची ओळख, अनुक्रमणिका दोन पातळ्यांची. दहांपैकी सात मी पूर्ण वाचल्या, त्यात या बांधणीचाही वाटा आहे असं मी मानते.

घरात मुलं त्याच खात्यावर वाचत असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. माझी मुलगी अकरावीत आहे. संच 'हलक्याफुलक्या रहस्यकथा' म्हणून घेतलेला, पण त्यातल्या दोन कादंबऱ्यांतलं वर्णन तिच्या वयाला योग्य नव्हतं. वीस लेखक एकत्र आले की वीस मर्यादा असतात आणि मलपृष्ठावरचा मजकूर एकच असतो. आता मी आधी वाचते, मग तिला सांगते कुठली वाच.

वर्गणी भरून वाचणाऱ्यांसाठी थोडंसं. ॲमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड या वर्गणी योजनेत जुलै २०१५ पासून लेखकाला वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात आणि एका वाचकाची एका पुस्तकामागे जास्तीत जास्त तीन हजार पानं मोजली जातात. संच लठ्ठ असेल तर शेवटच्या कादंबऱ्या वाचूनही मोजणीत भर पडत नाही. शिवाय पुष्कळ संच ठरावीक मुदतीचे असतात, मुदत संपली की विक्रीतून काढून घेतात. विकत घेतलेला आपल्या खात्यात राहतो, उसना घेतलेला परत केला की पुन्हा मिळेलच असं नाही.

आता मराठीबद्दल. अनेक लेखक एका किमतीत वाचायची सवय आपल्याला नवी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून मराठी घरं हेच करत आली आहेत. आमच्या वाचनालयात दिवाळीनंतर अंकांची वेगळी वर्गणी असते. आई अजून भरते, आणि अंक हातात आला की आधी अनुक्रमणिकेवर पेन्सिलने खुणा करते. कोणाचं आधी, कोणाचं नंतर, कोणाचं नाही. माझा ई-रीडर पाहून तिने विचारलं होतं, "वीसच्या वीस वाचून राहिली का तू? निवडत नाहीस?" तिचं बरोबर होतं. मी संच पहिल्यापासून ओळीने वाचत होते, अंक कोणी तसा वाचत नाही. मराठी ई-पुस्तकं किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत, तरी वेगवेगळ्या नव्या लेखकांच्या पूर्ण कादंबऱ्यांचा असा एकत्र ई-संच मला मिळालेला नाही. चार-पाच लेखकांनी मिळून काढला, अनुक्रमणिका नीट केली आणि प्रत्येक गोष्ट तिच्या जागी पूर्ण केली, तर मी पहिल्या दिवशी घेईन.

आईचा छापील संच फेब्रुवारीत एका प्रदर्शनातून घेतला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला बारीक टाइप चालत नाही, म्हणून प्रत्येक पुस्तक उघडून अक्षर बघून घेतलं. अक्षर चांगलं, कागद पिवळसर, डोळ्यांना सुखाचा. पुठ्ठ्याचा खोका देखणा होता, पण इतका घट्ट की एक पुस्तक काढायचं तर दुसऱ्याची कड दुमडायची. आठवड्यात आईने खोका माळ्यावर ठेवायला सांगितला. बांधणी नुसती चिकटवलेली, शिवलेली नाही. उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवलेल्या दोन पुस्तकांची पानं ओलाव्याने फुगली आणि मे संपेपर्यंत एकाची पहिली सोळा पानं सुटून हातात आली. नागपुरात संच घेणाऱ्याने शिवण बघूनच घ्यावा आणि कूलरच्या झोतापासून लांब ठेवावा.

आईने पाचही वाचल्या, पण ओळीने नाही. पाचव्या लेखिकेचं नाव तिला नवीन होतं, म्हणून तिने तीच आधी घेतली आणि सुटलेली पानं क्रमाने लावून, त्यांना रबर घालून दोनदा वाचली. गेल्या आठवड्यात म्हणाली, हिचं आणखी काही आहे का बघ ना. वाचनालयात दोन निघाली. एक कोणीतरी नेलं होतं, दुसरं मी शनिवारी घेऊन आले.