मुंबईची भुयारी मेट्रो : सोलापूरहून नमुने घेऊन जाणाऱ्याचा काही महिन्यांचा अनुभव

सोलापूरच्या टॉवेल-चादरींचे नमुने घेऊन मी महिन्यातून दोनदा मुंबईला जातो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरायचे आणि अंधेरीच्या एमआयडीसीतील ग्राहकाकडे पोहोचायचे, हा ठरलेला क्रम आहे. पूर्वी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ आणि पुढे रिक्षा अशी तीन वाहने बदलावी लागत; दोन्ही हातांत नमुन्यांच्या पिशव्या घेऊन सकाळच्या लोकलमध्ये शिरणे मला वयोमानाने झेपेनासे झाले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा शेवटचा टप्पा सुरू होऊन आरे ते कफ परेड ही सुमारे ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ पूर्ण झाली, तेव्हापासून मी सीएसएमटीला खाली उतरतो तो थेट एमआयडीसी स्थानकावरच वर येतो.

डब्याची जमीन फलाटाच्या पातळीत असल्याने चाकांची पिशवी न उचलता आत जाते. भाडे १० ते ७० रुपये आहे. लोकलच्या तिकिटापुढे ते जास्त वाटते, पण टॅक्सीच्या मानाने काहीच नाही. भुयारात माझ्या फोनला रेंज मिळाली नाही, म्हणून फोनवरून तिकीट काढायचे असल्यास ते रस्त्यावरच काढून घ्यावे.

काळबादेवी स्थानकाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. तिथल्या कापडबाजारात माझे जुने व्यापारी आहेत, आणि रस्त्यावरच्या पत्र्यांच्या कुंपणाआड वर्षानुवर्षे त्यांची गिऱ्हाइके कशी अडली हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. गिरगाव-काळबादेवीत स्थानकांसाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि तिथल्या रहिवाशांचे पुनर्वसन त्याच परिसरात करण्याचे ठरले. इतक्या दाट, जुन्या वस्तीखालून बोगदा नेणे, धारावी-बीकेसीदरम्यान तो मिठी नदीखालून काढणे, हे काम मला फार मोठे वाटते. म्हणूनच त्या रहिवाशांना दिलेला शब्द पूर्ण पाळला जावा, असे मला मनापासून वाटते.

माझी एक काळजी अजून गेलेली नाही. मे २०२५ मध्ये, आचार्य अत्रे चौकापर्यंतचा टप्पा सुरू होऊन काही दिवसच झाले असताना, जोरदार पावसात त्या स्थानकात पाणी शिरले होते. संपूर्ण मार्गावरचा पावसाळा मी अद्याप अनुभवलेला नाही, त्यामुळे जून-जुलैच्या फेऱ्यांत मी एक तास जास्तीचा धरून ठेवला आहे.