शुगर-बीपीची ॲप वापरून बघितली: कुठलं काढलं, कुठलं ठेवलं आणि का

मला शुगर आणि बीपी दोन्ही आहे, आणि बरेच महिने झाले मी दोन्हीची नोंद फोनवर ठेवतेय, आधी एका ॲपवर आणि ते काढून टाकल्यावर दुसऱ्यावर. नावं मुद्दाम देत नाहीये कारण अशी ॲप ढीगभर आहेत, अपडेट आला की बदलतात, आणि मला जे सांगायचंय ते तुम्ही कुठल्याही ॲपला लावून बघू शकता. माझा फोन साधा आहे, स्टोरेज कायम भरलेलं, नेट कधी असतं कधी नसतं, लाइट जाते, दवाखाना लांब. जगात कितीतरी लोक असेच राहतात आणि शुगर-बीपी तर त्यांनाही होतंच ना, पण ही ॲप बनवताना त्यांचा विचार फार कमी वेळा झालेला असतो असं मला आता ठामपणे वाटतं.

पहिलं ॲप दिसायला फार छान होतं. रंगीत ग्राफ, बॅज, शाबासकीचे मेसेज. पण लॉगिन केल्याशिवाय उघडायचंच नाही, लॉगिनला ओटीपी, ओटीपीला रेंज, आणि रीडिंग टाकून सेव्ह दाबलं की चक्र फिरत बसायचं आणि नेट नसेल तर ते रीडिंग गेलं ते गेलंच. जेवणाची नोंद ठेवायची तर यादीत आमच्या घरात शिजणारं जवळजवळ काहीच नाही. कॉन्टॅक्ट आणि लोकेशनची परवानगी मागत होतं, ती कशासाठी ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. शुगर सुरुवातीला मिलिमोल या वेगळ्याच मापात दाखवत होतं, म्हणजे आपल्या नेहमीच्या 130 एमजीच्या जागी 7.2, आणि हे बदलायचं सेटिंग तिसऱ्या स्क्रीनच्या आत कुठेतरी लपवलेलं (मिलिमोलला 18 ने गुणलं की एमजी मिळतं, लक्षात ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल). आणि डॉक्टरांना दाखवायला रिपोर्ट काढायचा तर पैसे भरा. माझं रक्त, माझी सुई, माझी स्ट्रिप आणि माझेच आकडे मला विकत घ्यायचे? तिथेच ते ॲप काढलं.

दुसरं ॲप अगदी साधं आहे, अक्षरं मोठी, लॉगिन नाही, सगळं ऑफलाइन चालतं. फोन घरात दोघातिघांच्या हातात असतो म्हणून पिन टाकता येतो, ही सोय मला फार मोलाची वाटली कारण आजार ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. रीडिंग टाकताना उपाशीपोटी का जेवणानंतर ते विचारतं, गोळी घेतली का ते विचारतं, आठवण बोलून करून देतं आणि तीही आपल्या भाषेत, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही किंवा नीट दिसत नाही त्यांनाही जमेल. रिपोर्ट एका पानाचा निघतो. तो बघून डॉक्टरांना लगेच कळलं की माझं सकाळचं बीपी चढं असतं आणि संध्याकाळचं बरं, आणि त्यांनी गोळ्यांचा नव्याने विचार केला. याआधी मी नुसतं "बरं आहे" म्हणून सांगत होते, त्यावरून ते तरी काय करणार.

अजून एक गोष्ट आवडली. शुगर 70 च्या खाली गेली की पहिलं ॲप लाल होऊन "डॉक्टरांशी संपर्क साधा" म्हणायचं, मध्यरात्री कोण भेटणार. दुसरं सरळ सांगतं की 15 ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्या, 15 मिनिटांनी परत तपासा, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, तातडीने मदत बोलवा. हे सगळं नेट नसताना दिसतं. मात्र त्यात इन्सुलिनचा डोस काढून देणारा भाग आहे त्याला मी हात लावत नाही, आणि तुम्हालाही तेच सांगेन. 2015 मध्ये अशी डोस काढणारी 46 ॲप तपासली होती, त्यातल्या दोन तृतीयांश ॲपमध्ये चुकीचा डोस निघण्याचा धोका सापडला. डोस डॉक्टरच ठरवणार.

आता मशीनबद्दल, कारण ॲप कितीही चांगलं असलं तरी आत जाणारा आकडाच चुकला तर सगळं फुकट. फोनवर बोट ठेवून बीपी सांगणारी ॲप असतात ना, त्यांच्या नादी लागू नका. असंच एक लोकप्रिय ॲप तपासलं तेव्हा, 2016 ला जामा इंटर्नल मेडिसिन या डॉक्टरी मासिकात छापून आलंय, बीपी खरोखर जास्त असलेल्या दर पाचातल्या जवळजवळ चार जणांना त्याने नॉर्मलच्या जवळपासचे आकडे दाखवले होते. आणि सुई न टोचता शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या, त्यांच्याबद्दल तर अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय मशीनला मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट इशारा दिला की अशा एकाही वस्तूला त्यांनी मान्यता दिलेली नाही. लोक त्यावर विसंबून गोळ्या कमीजास्त करतात याची मला खरंच भीती वाटते.

बीपीचं मशीन दंडावर बांधायचं घ्या आणि कफ, म्हणजे दंडाभोवती गुंडाळायचा पट्टा, दंडाच्या मापाचा घ्या, छोटा कफ बांधला तर बीपी उगाच जास्त दिसतं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, बोलायचं नाही, एक मिनिट सोडून दोनदा मोजायचं. घरच्या रीडिंगची सरासरी 135/85 च्या वर राहिली तर ती जास्तच, दवाखान्यातला 140/90 चा आकडा घरी लावू नका. ग्लुकोमीटरचं, म्हणजे शुगर मोजायच्या मशीनचं म्हणाल तर 2013 च्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या नियमात मान्यता असलेल्या मशीनलासुद्धा 15 टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणून काल 118 आणि आज 126 आली तर घाबरायचं कारण नाही, चार दिवसांचा कल बघायचा. मशीन एकदाच घ्यायचं असतं, खरा खर्च स्ट्रिपचा, त्यामुळे स्ट्रिप कायम मिळतील ना हे आधी बघा. डबीचं झाकण घट्ट ठेवा, उष्णता आणि दमटपणाने त्या खराब होतात. मशीनला ब्लूटूथ असेल तर उत्तम कारण आकडा आपोआप ॲपमध्ये जातो, हाताने टाकताना 148 चं 140 करायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण नसेल तरी काही अडत नाही.

सगळ्यात जास्त फरक मात्र मला वेगळ्याच गोष्टीने पडला. आठवड्याचा रिपोर्ट मी नर्सताईंना पाठवते आणि काही गडबड दिसली की त्या फोन करतात. हे वाचून कुणाला किरकोळ वाटेल, पण केनियात एचआयव्हीच्या 538 पेशंटवर अभ्यास झाला होता, 2010 ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आला. अर्ध्या लोकांना आठवड्यातून एकदा साधा एसएमएस, कसे आहात म्हणून, 48 तासात ठीक किंवा अडचण एवढं उत्तर द्यायचं, अडचण म्हटलं किंवा उत्तरच नाही आलं तर दवाखान्यातून फोन. गोळ्या नीट घेणारे मेसेजवाल्यांमध्ये 62 टक्के निघाले, बाकीच्यांमध्ये 50. ॲप नाही, इंटरनेट नाही. प्रत्येक ठिकाणी एवढा फरक पडतोच असंही नाही, दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला बीपीच्या 1372 पेशंटवर एसएमएसचा प्रयोग झाला, 2016 मध्ये निकाल आला, तिथे वरचं बीपी जेमतेम दोनेक पॉइंटने कमी झालं. तरी मला विचाराल तर ज्या ॲपमधून रिपोर्ट एखाद्या माणसाकडे सहज जातो तेच घ्या, ग्राफ कसाही असो.

मार्क द्यायचे तर पहिल्याला पाचपैकी दीड, दुसऱ्याला चार. एक मार्क कापला कारण बॅकअप नाही, फोन हरवला की सगळ्या नोंदी गेल्या. बनवणाऱ्यांना लिहिलंय. तोवर मी महिन्याच्या शेवटी रिपोर्टची फाइल मुलीच्या फोनवर पाठवून ठेवते, तुम्ही घेतलंत तर तुम्हीही अशी एक कॉपी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर ठेवा.