वाडा कुणाचा, चावी कुणाकडे: इंग्लंडमध्ये शूटिंगसाठी जागा निवडताना

मुंबईहून रेकीला, म्हणजे जागा पाहायला, येणारा जवळजवळ प्रत्येक निर्माता मला फोनवर एकच फोटो दाखवतो. लांबच लांब हिरवळ, मागे दगडी हवेली, दारापुढे खडीचा रस्ता. "असं काहीतरी हवंय." असं काहीतरी इंग्लंडमध्ये रग्गड आहे. म्हणून मी आधी हवेलीबद्दल बोलतच नाही. दिवस किती, युनिट केवढं आणि सिंक साउंड (शूटिंगच्या वेळीच घेतलेला आवाज) आहे की डबिंग, हे विचारते. त्यावरून ठरतं की चावी कुणाकडे मागायची. खासगी मालकाकडे, की नॅशनल ट्रस्ट आणि इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या दोन संस्थांपैकी एकीकडे? तिघांकडच्या हवेल्या फोटोत सारख्याच देखण्या दिसतात, शूटिंगच्या दिवशी मात्र तीन वेगवेगळ्या जगांत गेल्यासारखं वाटतं.

एकच उदाहरण घेते. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीतलं नायकाचं घर, पेम्बर्ली. १९९५च्या बीबीसी मालिकेत ते बाहेरून दिसतं चेशरमधलं लाइम पार्क आणि आतून डर्बीशरमधला सडबरी हॉल. दोन्ही नॅशनल ट्रस्टची. दार एका घराचं, दिवाणखाना दुसऱ्याचा, आणि प्रेक्षकाला पत्ता नाही. २००५च्या चित्रपटात तेच घर झालं चॅट्सवर्थ, बाहेरूनही आणि आतल्या शिल्पदालनासाठीही. डेव्हनशरच्या ड्यूकचं घराणं अजून तिथे राहतं. त्या चित्रपटासाठी घडवलेला नायकाचा अर्धपुतळा मागे चॅट्सवर्थलाच राहिला आणि पर्यटक तो शोधत फिरतात.

खासगी घराण्यांकडे निर्णय झटपट होतो. लंडनजवळचं हॅटफील्ड हाउस घ्या. १६११ मध्ये बांधलेलं, आजही सेसिल घराण्याचं. फाटकासमोरच रेल्वे स्टेशन, किंग्ज क्रॉसहून जेमतेम अर्धा तास. मार्बल हॉलमधली काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी 'द फेव्हरिट'मध्ये तुम्ही पाहिली असेल. या घरांना शूटिंगची सवय आहे. ट्रक कुठे लावायचे, जनरेटर किती लांब ठेवायचा, जेवणाचा तंबू कुठे टाकायचा, हे त्यांना आपल्याआधी ठाऊक असतं. यॉर्कशरचं कॅसल हॉवर्ड आणि 'मोहब्बतें'चं गुरुकुल झालेलं विल्टशरचं लाँगलीट हीसुद्धा याच पंगतीतली.

पण ही घरं जगतात लग्नांवर. एका इस्टेटवर (नाव नको) आमचा दोन दिवसांचा सीन होता. पहिल्या दिवशी मोकळी हिरवळ. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पोचले, तर तिथे भलामोठा पांढरा मांडव उभा! शनिवारचं कुणाचं तरी लग्न, आणि करारात आमच्यासाठी फक्त "दक्षिणेकडची बाग" लिहिलेली. कंटिन्युइटीचे, म्हणजे दोन दिवसांचे शॉट जुळण्याचे, बारा वाजले. सगळा सीन दुसऱ्या बाजूने घ्यावा लागला. तेव्हापासून मी करारासोबत नकाशा जोडते आणि कॅमेऱ्यात दिसणारी प्रत्येक बाजू त्यावर रंगवून ठेवते. खासगी मालकाबरोबर हे चालतं. समोर बोलायला एक माणूस असतो, तो चहा पाजतो आणि भावही करू देतो. दरपत्रक बहुधा नसतंच, युनिट आणि दिवस पाहून आकडा सांगतात.

ट्रस्टकडे भाव करायला गेलात तर निराश व्हाल. १८९५ साली स्थापन झालेली ही संस्था पाचशेहून जास्त वास्तू सांभाळते. चित्रीकरणासाठी तिचं स्वतंत्र कार्यालय आहे आणि वास्तू जपणं हा तिचा धर्म आहे. तो किती कडक पाळतात हे खोलीत शिरल्यावर कळतं. ट्रायपॉडच्या पायांखाली पॅड, ट्रॉलीखाली जाड अंथरूण, पाण्याची बाटली दाराबाहेर. खुर्ची इंचभर सरकवायची तरी आपल्या आर्टवाल्याने हात लावायचा नाही. घराचा माणूस येतो, दोन्ही हातांनी उचलतो, मग ठेवतो. दिवसभर तो कोपऱ्यात उभा असतो आणि त्याचा पगार आपल्या बजेटमधून जातो. जुन्या कापडांवर किती प्रकाश पडतोय हे मीटरने मोजतात. मेणबत्ती, धूर, अगरबत्ती या गोष्टी आधी विचारल्याशिवाय काढायच्याच नाहीत. मुहूर्ताचा नारळ आम्ही गाडीतळावरच्या डांबरावर फोडतो आणि आरतीला बॅटरीचा दिवा. पहिल्यांदा सगळे हसतात, मग सवय होते.

एवढं सोसायचं कशाला? लॅकॉकसाठी. विल्टशरमधलं हे गाव १९४४ मध्ये मटिल्डा टॅलबट यांनी ट्रस्टला दिलं, त्यामुळे जवळजवळ सगळी घरं एकाच मालकाची. डोक्यावर तारांचं जाळं नाही, छपरांवर अँटेना दिसत नाहीत. रस्त्यावर माती पसरली की शंभर-दोनशे वर्षं मागे. खासगी हवेली कितीही दिली तरी अख्खी गल्ली कोण देणार? शेजारचा लॅकॉक ॲबी १२३२ सालचा. तिथल्या चौकाभोवतीच्या ओवऱ्या हॅरी पॉटरच्या शाळेत आहेत. कॅमेरामनला मात्र मी आधी तिथली एक छोटी जाळीची खिडकी दाखवते. १८३५ च्या ऑगस्टमध्ये छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या फॉक्स टॅलबटने तिचंच निगेटिव्ह घेतलं आणि ते आज उपलब्ध असलेलं सगळ्यात जुनं कॅमेरा-निगेटिव्ह मानलं जातं. भलेभले तिथे गप्प होतात. अडचण एकच, गावात भाडेकरू राहतात. त्यांच्या गाड्या हलवणं, पडदे बदलणं, रात्री किती वाजेपर्यंत दिवे लावायचे, सगळं त्यांच्याशी बोलून.

इंग्लिश हेरिटेज थोडक्यात सांगते. किल्ले आणि भग्नावशेष हवेत तर इथे या. चारशेहून अधिक जागा यांच्याकडे, डोव्हरचा किल्ला आणि स्टोनहेंजसकट. छप्पर नसलेल्या अवशेषांत आतल्या सामानाची काळजी नसते, युनिटला मोकळं वाटतं. हवेल्याही आहेत, त्यात आपल्या कथांना सगळ्यात जवळचं आइल ऑफ वाइट बेटावरचं ऑस्बोर्न, राणी व्हिक्टोरियाचं घर. तिथला दरबार हॉल १८९०च्या सुमारास भाई राम सिंग आणि लॉकवुड किपलिंग यांनी रचला. हेच किपलिंग आधी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवत होते आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पंही त्यांचीच. 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल'चं शूटिंग ऑस्बोर्नमध्ये झालं. पण ते बेट आहे. ट्रक फेरीने न्यायचे आणि एक कॉस्च्युमची पेटी मागे राहिली तरी अर्धा दिवस गेला.

आता तिघांनाही लागू असलेली गोष्ट, जिच्यामुळे सगळ्यात जास्त वेळापत्रकं फसतात. ही घरं उन्हाळ्यात पर्यटकांनी भरलेली असतात, निवांत मिळतात ती नोव्हेंबर ते मार्च. डिसेंबरमध्ये दुपारी चारला अंधार. म्हणजे आतले सीन हिवाळ्यात आणि बाहेरचे मे-जूनमध्ये, जेव्हा रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. एकाच खेपेत दोन्ही उरकायचे असतील तर मार्चअखेर किंवा ऑक्टोबर धरा आणि सोमवार-मंगळवार मागा.

सिंक साउंड असेल तर पश्चिम लंडनमधल्या ऑस्टर्ली या हवेलीला जाण्याआधी दहा मिनिटं डोळे मिटून बागेत उभे राहा. रॉबर्ट ॲडमने नटवलेल्या खोल्या अप्रतिम, पण डोक्यावर हीथ्रोची विमानं. ग्रिनिचच्या जुन्या नेव्हल कॉलेजचे खांब आणि चौक पॅरिस म्हणूनही खपतात ('ले मिझेराब्ल'साठी खपले आहेत), तिथेही नदीपलीकडे सिटी विमानतळ आहे. डबिंग करणार असाल तर ग्रिनिच पहिल्या नंबरवर. हॉटेलपासून जवळ, मोठी दगडी पटांगणं, आणि गाण्याचे तीन मुखडे एका दिवसात.

मोकळ्या निसर्गाचं म्हणाल तर दुरून डोंगर साजरे. आपल्याला नॅशनल पार्क म्हटलं की वनखातं आठवतं, एक अर्ज आणि एक साहेब. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय उद्यानातली बरीचशी जमीन शेतकऱ्यांची, ट्रस्टची किंवा इस्टेटींची असते. लेक डिस्ट्रिक्टमध्ये ('झिम्मा २' तिथलाच) एकाच फ्रेममध्ये तळं एकाचं, कुरण दुसऱ्याचं आणि रस्ता काउन्सिलचा असू शकतो. एप्रिलमध्ये मेंढ्या वितात, तेव्हा शेतकरी कुरणात पाऊल ठेवू देत नाही आणि त्याचं बरोबरच आहे. तिथल्या सीथवेट गावात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरपेक्षा कमी, पण तो बाराही महिने वाटून पडतो, त्यामुळे पावसाळा टाळून जाणं हा प्रकारच नाही. त्यापेक्षा मला पीक डिस्ट्रिक्ट आवडतं. स्टॅनेज एजचा काळा कडा उद्यान प्राधिकरणाच्याच मालकीचा आहे, अर्ज एकाच ठिकाणी. चॅट्सवर्थ तासाभराच्या आत. सकाळी कडा, दुपारी हवेली. ऑगस्टमध्ये तिथे हेदर नावाचं जांभळं रानझुडूप फुलतं, कासच्या पठाराची आठवण यावी असं. दक्षिण किनाऱ्यावरचे सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे मोहात पाडतात, पण खडू ठिसूळ असतो आणि कडा न सांगता कोसळतो. नायिकेला टोकावर उभी करण्याचा हट्ट असेल, तर तो शॉट स्टुडिओत घ्या.

पैशांचं एवढंच. इथल्या खर्चावरची सरकारी सवलत ३४ टक्के म्हणून सांगतात, त्यावर कर जाऊन हातात साधारण पंचवीस टक्के राहतात. त्यासाठी इथली कंपनी लागते, सांस्कृतिक चाचणी (चित्रपट पुरेसा ब्रिटिश आहे का, ही) पास व्हावी लागते, मुख्य खर्चाचा किमान १० टक्के भाग इथे व्हावा लागतो, आणि रक्कम मिळते ती हिशेब दाखल केल्यावर. लोकेशनचं भाडं मात्र आधी भरायचं असतं. विम्याची मर्यादा सहसा ५० लाख ते १ कोटी पौंड मागतात, तो कागद नसेल तर फाटक उघडत नाही.

तेव्हा दहा दिवस, तीस माणसं आणि कौटुंबिक कथा असेल तर मी हॅटफील्डसारखं एकच खासगी घर धरेन आणि करारासोबत नकाशा जोडेन. जुन्या काळातली कथा असेल आणि दिग्दर्शकाला घाई नसेल तर लॅकॉक, तेही चार महिने आधी अर्ज करून. नुसती दोन गाणी असतील तर एक दिवस ग्रिनिच, दोन दिवस पीक डिस्ट्रिक्ट, आणि चौथा दिवस पावसासाठी राखून. रेकीला येताना चांगले वॉटरप्रूफ बूट आणा. मागच्या वेळी एक डीओपी (मुख्य कॅमेरामन) कोल्हापुरी चपला घालून स्टॅनेजवर चढले होते.