मैत्रीतल्या मत्सराच्या दोन कादंबऱ्या : अकरावीतल्या मुलांना कोणती द्यावी?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या क्लासची टेस्ट झाली, व्हॉट्सअ‍ॅपवर गुणांची यादी आली की मुलं आधी आपलं नाव बघतात आणि लगेच जवळच्या मित्राचं. त्याचे दोन गुण जास्त दिसले की पोटात काहीतरी होतं आणि त्याची लाजही वाटते. हे नेमकं पकडणाऱ्या दोन कादंबऱ्या म्हणजे जॉन नोल्स यांची ‘अ सेपरेट पीस’ (१९५९) आणि एलेना फेरान्ते यांची ‘माय ब्रिलियंट फ्रेंड’ (मूळ इटालियन, २०११). एकच घ्यायची असेल तर?

नोल्स यांची कादंबरी छोटी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली अमेरिकेतली निवासी शाळा. जीन अभ्यासात पुढे, फिनी खेळात. फिनी सारखा त्याला पुस्तकातून उठवतो आणि जीन मनाशी पक्कं करतो, याला माझा नंबर घालवायचाय. हा संशय त्याला सोयीचा असतो, कारण मग दोघंही सारखेच वाईट ठरतात. फ्रेंचच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र फिनी सहज म्हणतो, अभ्यास असेल तर कर की, मला वाटायचं तुला सगळं आपोआप येतं. याच्या मनात स्पर्धा नव्हतीच, हे जीनला कळतं आणि तेच जास्त झोंबतं. थोड्याच वेळात दोघं नदीकाठच्या झाडाच्या फांदीवर असतात. जीनचे गुडघे वाकतात, फांदी हलते, फिनी खाली कोसळतो. हे मुद्दाम केलं की घडून गेलं, यावर मुलांना तासभर बोलतं करता येईल.

फेरान्ते यांच्याकडे मत्सर दोन्हीकडून आहे आणि त्याच्या मुळाशी पैसा आहे. १९५० च्या दशकातली नेपल्समधली गरीब वस्ती. लीला आणि एलेना या दोन मैत्रिणी. लीला चांभाराची मुलगी, दोघींत जास्त हुशार. पण प्राथमिक शाळेनंतर घरचे तिला शिकवत नाहीत. एलेना पुढे शिकते. लीला वाचनालयातून पुस्तकं आणून घरीच लॅटिन शिकते, आणि तिच्या मागे पडू नये म्हणून एलेना रात्री जागते. सिडकोतल्या एकाच बाकावरच्या दोघींपैकी एकीच्या क्लासची फी भरली जाते, दुसरी दहावीनंतर कामाला लागते, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

माझ्या लेखी फेरान्ते यांची कादंबरी मोठी, आणि खरीही जास्त. तरी अकरावीसाठी मी नोल्स यांचीच देईन. फेरान्ते यांच्या पुस्तकात वस्तीतली मारहाण आहे, सोळाव्या वर्षीचं लग्न आहे, एका प्रौढ पुरुषाने पंधरा वर्षांच्या एलेनाशी केलेला अतिप्रसंग आहे. शिवाय हा चार भागांतला पहिलाच भाग, त्यामुळे गोष्ट मध्येच थांबते. बारावी संपल्यावर, निवांत सुट्टीत ती द्यावी. मुलीची एखादी मैत्रीण शिक्षणात मागे राहिली असेल, तर मात्र आधी आपण वाचून हीच द्यावी.

विकत घेण्याआधी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, चौकशी करा. आणि देताना ‘तुझ्यासारखंच आहे बघ’ असं चुकूनही म्हणू नका. नाहीतर पुस्तक उघडलंच जाणार नाही.