स्पॅनिश सेफ्टी ट्रेनिंगचं सबस्क्रिप्शन: वर्ष होत आलं, आता खरं काय ते सांगतो

कंपनीचं नाव देत नाही, रिन्यूअलची घासाघीस अजून चालू आहे. अमेरिकेत न्यू जर्सी टर्नपाइक हायवेच्या एक्झिट ८ए जवळ जी वेअरहाऊसं आहेत त्यातल्या एकात मी सेफ्टी बघतो, आणि डॉकवरचे, म्हणजे ट्रकमध्ये माल चढवतात-उतरवतात तिथले, निम्म्याहून जास्त लोक स्पॅनिश बोलणारे.

ऑनलाइन कोर्स वाईट नाही हे आधीच सांगून टाकतो. फोर्कलिफ्ट, लॉकआउट-टॅगआउट (दुरुस्तीआधी मशीन बंद करून कुलूप आणि पाटी लावणं), केमिकलची लेबलं, सगळं आहे, स्पॅनिश आवाजही खऱ्या माणसाचा आहे, मशीनचा नाही. सुरुवातीला मी इतका खूश होतो की ओळखीच्यांना घ्या घ्या म्हणून सांगत सुटलो होतो.

मग भाषेचा घोळ दिसला. ब्रेकरूममध्ये सगळ्यांत मिळून एक टॅबलेट. माणूस स्पॅनिशमध्ये व्हिडिओ बघत असतो, तेवढ्यात ट्रक लागतो, तो उठून जातो, परत येईपर्यंत लॉगआउट झालेलं असतं आणि पुन्हा लॉगिन केलं की सगळं इंग्रजीत! कारण भाषेचं सेटिंग माणसाच्या प्रोफाइलला नाही, चालू सेशनला जोडलंय. बदलायचं बटण सेटिंग्जच्या आत, आणि तो मेन्यू पण इंग्रजीच. मग पठ्ठ्या इंग्रजी क्विझवर दिसेल तिथे टिचक्या मारतो, पास व्हायला ८० टक्के लागतात पण अटेम्प्ट कितीही, कधीतरी होतोच पास. रिपोर्टमध्ये हिरवी टिक. कुठल्या भाषेत पास झाला तो कॉलमच नाही.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीवर काय अडून बसलाय. अहो, पैसे त्याचेच दिलेत ना! ओशाने (अमेरिकन सरकारचं कामगार-सुरक्षा खातं) २०१० मध्येच स्पष्ट केलंय की ट्रेनिंग कामगाराला समजेल अशा भाषेत आणि समजेल अशा शब्दांत हवं, वाचता येत नसेल तर हे वाच म्हणून कागद हातात देऊन भागत नाही. इन्स्पेक्टर आला की थेट कामगारांशी बोलतो, तिथे माझी हिरवी टिक काय कामाची? २०२२ मध्ये या देशात कामावर ५,४८६ माणसं गेली, त्यातली १,२४८ हिस्पॅनिक. (आपल्याकडच्या १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्येही नोटीस इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावा असं होतं, पाळायचे किती ते सोडा.)

सपोर्टवाल्यांचं एकच पालुपद, कॅश क्लिअर करा. केली बाबा. मग म्हणे प्रत्येकाला वेगळा टॅबलेट द्या. मग म्हणे मागणी प्रॉडक्ट टीमला कळवली आहे. तिकीट बंद, मी उघडलं, परत बंद.

एवढं चिडलो होतो तरी मत थोडं बदललं ते वेगळ्याच कारणाने. काही पोरं स्पॅनिशमध्येही गप्प बसायची, मला वाटायचं कंटाळा करतात. आमची डॉक लीड मेक्सिकोतल्या पुएब्लाची, तिने सांगितलं की ही मुलं ग्वाटेमालाच्या डोंगरातली, घरात माम बोलतात, ती माया लोकांची भाषा, स्पॅनिश त्यांनाही शाळेपुरतीच आणि वाचायची तर अजून बोंब. म्हणजे भाषा टिकली असती तरी हे लोक अडलेच असते, तेवढ्यापुरता राग मी मागे घेतो. आता शिफ्टच्या सुरुवातीला लीड बेलरपाशी (पुठ्ठे दाबून गठ्ठे करणारं मशीन) उभी राहून कुलूप कसं लावायचं ते करून दाखवते आणि मग प्रत्येकाकडून करून घेते, माम बोलणारा एक जुना माणूस शेजारी उभा असतो. याचा खर्च म्हणजे त्या दोघांचा थोडा जास्तीचा पगार. तरी व्हिडिओचा उपयोग आहे, लोक तो आधी बघून आले की प्रश्न विचारतात.

फोर्कलिफ्टवाल्यांनी तर ऑनलाइन कोर्सवर अजिबात विसंबू नये, प्रत्यक्ष चालवून घेणं आणि मूल्यमापन नियमातच आहे, निदान दर ३ वर्षांनी परत मूल्यमापनही. आणि स्पॅनिश पत्रकं, क्विककार्डं (थोडक्यात सूचना दिलेली छोटी कार्डं) ओशाच्या साइटवर फुकट आहेत, ती छापा, सेल्सवाला हे कधी सांगणार नाही.

रिन्यूअलला सीट्स (माणशी एक लॉगिन) निम्म्या करणार आहे, फक्त नवीन येणाऱ्यांपुरत्या. टॅबलेटचा ऑटो-लॉक बंद केला तरी लॉगआउट होतंच, कारण ते साइटकडून होतं, तेव्हा त्यात वेळ घालवू नका. डेमो मागाल तेव्हा स्पॅनिश निवडा, तसाच सोडून चहा पिऊन या, मग परत लॉगिन करून बघा आणि त्यानंतरच किमतीचं बोला.